बिनफोडणीचं पिठलं

कोळवण खोऱ्यातल्या त्या वाडीत कुणाच्या घरातून मढं उचललं, की पहिलं पातेलं चढायचं ते बानूबाईच्या चुलीवर. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची आणि नदीवरून परतलेल्यांना दोन घास खायला लावायचे. त्याला कडू घास म्हणतात. भाकरी कुणीही द्यावी, पिठलं मात्र बानूबाईचंच. हुलग्याचं पीठ, पाणी, मीठ, ठेचलेली मिरची. संपलं. फोडणी नाही, कारण दुःखाच्या दिवशी तेल चरचरवायचं नसतं असा रिवाज. बानूबाईचं म्हणणं त्याहून रोखठोक होतं. "रडून घसा सुकल्याला माणूस चव कशाला बघंल? गिळाय आलं म्हंजी झालं."

तिचं सगळं जगणंच तसं. एक लुगडं अंगावर, एक दांडीवर. मेंढरांमागं फिरताना फडक्यात भाकरी आणि कांदा असला की तिला आणखी काही सुचायचंही नाही. तिच्या हातचं खाऊन कुणाच्या जिभेचे चोचले पुरवले गेले नाहीत, पण उपाशी कुणी उठलं नाही.

साळूबाई तिची शेजारीण, जिवाभावाची मैत्रीण आणि भांडायला हक्काचं माणूस. दोघींनी एकत्र मेंढरं वळली आणि एका कुडाच्या अलीकडं-पलीकडं दोघी म्हाताऱ्या झाल्या. "बाने, माझ्या घरचा कडू घास तूच आणायचा," साळू म्हणायची. "माझ्या जनार्दनाला दुसऱ्या कुणाच्या हातचं गिळायचं न्हाई त्या दिशी."

"आगं, आदी मर तरी!" बानूबाई म्हणायची, आणि दोघी खिदळायच्या.

आणि साळू खरंच गेली. पहाटे उठली, दारात टेकली, ती तशीच. दुपारी तिला नदीवर नेलं.

तिचा मुलगा जनार्दन आता मोठा माणूस झाला होता. शहरवाल्यांच्या फार्महाऊसांची देखभाल करता करता, त्यांना जागा दाखवता दाखवता त्यानं कुडाच्या खोपटाच्या जागी दुमजली घर उठवलं होतं. नदीवरून लोक परतायच्या आत त्याच्या दारात पौडच्या केटररचा टेम्पो येऊन थांबला. पुलाव, पनीर, बाटलीबंद पाणी.

बानूबाई तेव्हा पिठलं ढवळत होती. तिची सून उषा जनार्दनाच्या घरी डोकावून परत आली.

"आत्या, तितं पनीर आलंय. पुण्याची लई माणसं हायेत. आन हे काळं पिठलं कोण खानार? आपलीच शोभा हुईल. निदान फोडणी तरी द्या."

"गप बस! काय कळतंय का?" बानूबाई खेकसली.

पण खेकसून झाल्यावर ती दाराशी गेली. समोर गाड्या लागलेल्या, नदीवरून परतलेली पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं हातात ताटल्या घेऊन उभी. तिनं वळून आपल्या पातेल्यात पाहिलं. ज्या अन्नाची तिला जन्मात लाज वाटली नव्हती, त्याची त्या दिवशी वाटली. जनाची लाज फार वाईट, ती मनाच्या लाजेला तोंड उघडू देत नाही. बानूबाईनं पळीत तेल तापवलं. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, वरून कोथिंबीर पडली. पिठलं दिसायला झ्याक झालं.

फडक्यात भाकऱ्या बांधून, पातेलं पदराखाली धरून ती मागच्या दारानं गेली. जनार्दनाची बायको नलिनी तिला बघून पुढं आली.

"बरं झालं आलात, काकी. ते समदं पाव्हन्यांसाठी मागवलंय. ह्यांनी सकाळपास्नं पान्याचा थेंब घेतला न्हाई. तुमचीच वाट बघत्यात."

मागच्या पायरीवर जनार्दन डोकं धरून बसला होता. बानूबाई दिसताच त्यानं तोंड वर केलं. लहानपणी आईशी भांडून तिच्या चुलीपुढं येऊन बसायचा, तेव्हाचंच तोंड. त्यानं स्वतः हात पुढं करून झाकण उचललं, आणि लसणाचा वास दरवळला.

त्याचा हात तिथंच थांबला.

"फोडनी घातली, काकी?"

बानूबाईला सुनेचं नाव सांगता आलं असतं. पण पळी तिनंच धरली होती.

"पाव्हनं लई दिसलं रं... म्हनलं, तुला कमीपना नको," ती कशीबशी म्हणाली.

"आमी बदललो म्हून तुमी बी बदलायचं व्हय?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. "आज तरी साधं असंल, असं वाटलं हुतं."

त्यानं झाकण परत ठेवलं आणि फडक्यातली एक भाकरी घेतली. तिचं मन मोडायला नको म्हणून घेतली, हे तिला कळलं. कोरडाच तुकडा त्यानं तोंडात टाकला. तो घशात अडकला, ठसका लागला, नलिनी पाणी आणायला धावली.

बानूबाई पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिली. 'घे रं' म्हणायची तिची छाती होईना, आणि उठून जायलाही पाय उचलेना. साऱ्या वाडीला दुःखात दोन घास गिळवणारी ती, आणि समोर तिच्या साळूचं पोर भाकरी पाण्याच्या घोटानं खाली ढकलत होतं.