जैतुनबीच्या हंड्यातलं पाणी

पद्मजा पाठक दमली होती. आजच दमली होती असं नाही हो, चांगली पाच वर्षं दमत आली होती. वय एकेचाळीस, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, घरी नवरा अतुल, मुलगी बारावीला, आणि या सगळ्याच्या वर हौसेनं ओढवून घेतलेलं एम.टेक. विषय पाणी शुद्धीकरण. या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळायला लागतात, आणि ही बाई कॉलेज सुटलं की बाटल्या घेऊन मुकुंदवाडीच्या गल्ल्या पालथ्या घालायची. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पंधरा वर्षं पोरांची प्रॅक्टिकलं करून घेतली, पोरं इंजिनिअर होऊन गेली, ही आपली तिथंच काचसामान धूत राहिली. एम.टेक. झालं की कॉलेज तिला लेक्चरर करणार होतं. एकदा तरी फळ्यापुढं उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यात गंमत म्हणजे तिचे गाइड देवेश सर हे तिच्याच लॅबमधले जुने विद्यार्थी. नमुन्याची बाटली दुसऱ्याकडून भरून आणली म्हणून या देवेशला तिनं एकदा सगळ्या वर्गासमोर झापलं होतं. "नमुना स्वतःच्या हातानं घ्यायचा. हा पहिला नियम, आणि शेवटचाही!" आता तो खुर्चीत आणि ही वही घेऊन समोर. तो बिचारा हिला मॅडम म्हणायचा, ही त्याला सर म्हणायची, आणि दोघंही अवघडायचे.

अभ्यास तसा साधाच होता. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे काही सांगायला नको. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत आठ दिवसांनी एकदा यायचं. आलं की ड्रम, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घातलेलं असतं, पण साठवलेल्या पाण्यातून ते हळूहळू उडून जातं. कोणत्या भांड्यात ते किती दिवस टिकतं, हे पद्मजा शोधत होती. वीस घरं घेतली होती. आठव्या दिवशी, म्हणजे नवं पाणी यायच्या आदल्या दिवशी, प्रत्येक घरातलं पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही झालं, तर नाही.

एकोणीस घरांत पाण्याचा रंग हलायचा नाही. विसावं घर जैतुनबीचं. तिथं दर वेळी गुलाबी!

जैतुनबी सत्तरीची, एकटीच राहायची. माहेर सिल्लोडचं. लग्नात मिळालेला तांब्याचा मोठा हंडा तिनं जिवापाड जपलेला, आतून कलई, वर घट्ट झाकण. पिण्याचं पाणी त्यातच. देवेश सरांनी आकडे पाहिले आणि खुर्चीतून उठलेच. "मॅडम, वीज नको, यंत्र नको, प्लास्टिक नको. शाश्वत विकास म्हणतात तो हाच की!" झालं, प्रबंधाचं नावच त्या हंड्यावरून ठरलं, आणि विद्यापीठातून मंजूरही झालं. पद्मजाच्या मनात कधी शंका यायची, की आठ दिवस क्लोरीन टिकतं म्हणजे अतीच झालं. पण गरजवंताला अक्कल नसते. पाच वर्षांनी काहीतरी हाती लागलं होतं, ते कोण सोडतंय?

जैतुनबीचं घर तिचं शेवटचं असायचं. तोवर पाय भरून आलेले. दारातल्या बाजेवर ती जी बसायची, ती उठायचं नावच नाही. आणि जैतुनबी तरी कुठं उठू द्यायची? "बैस गं बेटी, दमलीस लई. मी आणते ना." आत जाऊन तांब्याभर पाणी आणायची, शिवाय प्यायला एक ग्लास. पद्मजा तांब्यातलं पाणी बाटलीत घ्यायची. ग्लास नुसता ओठांना लावून खाली ठेवायची. साठवलेल्या पाण्याचा अभ्यास करणारी बाई ते पिणार कशी? तिची स्वतःची बाटली पर्समध्ये असायची.

प्रबंध द्यायला अकरा दिवस उरले होते. मुदतवाढी सगळ्या वापरून झालेल्या, ही तारीख चुकली की नोंदणी रद्द. शेवटचा एक नमुना राहिला होता. त्या दिवशी कॉलेजला अर्धी सुट्टी होती, म्हणून ती संध्याकाळऐवजी दुपारीच गेली.

गल्लीच्या तोंडाशीच जैतुनबी दिसली. कमरेवर कळशी, एक हात भिंतीला, धापा टाकत येत होती.

"खाला, हे कुठून आणलंत? तुमच्याकडं तर उद्या पाणी ना?"

"रुळापल्याड आलंय ना आज नळाला. आमचा आठवा दिस तो त्यांचा पानी यायचा दिस." जैतुनबी हसली. "तुझ्यासाठीच आणलं."

"दर वेळी आणता?"

"मग! आठ दिसाचं शिळं पानी पावण्याला द्यायचं व्हय? आमच्यात नाय बाई तसं."

पद्मजानं कळशी तिच्या हातातून घेतली. पहिल्यांदाच त्या घरात आत गेली, हंड्याचं झाकण काढलं, स्वतःच्या हातानं बाटली भरली आणि गोळी टाकली. पाच मिनिटं बघत बसली. पाणी जसंच्या तसं.

सगळं मुसळ केरात. दोष तरी कुणाला द्यायचा? बाजेवरून उठायचा कंटाळा हिनंच केला होता.

घरी अतुल म्हणाला, "अगं, एका म्हातारीच्या तांब्यापायी पाच वर्षं घालवणार का? कोण विचारायला येतंय? देऊन टाक." दोन रात्री तिलाही तेच वाटलं. खरंच, कोण येणार होतं? फक्त उद्या कुणी तो प्रबंध वाचून हंडा वापरा म्हणून सांगितलं असतं, आणि जैतुनबीसारखीच कुणी ते पाणी बिनघोर प्यायली असती. तिसऱ्या दिवशी ती देवेश सरांपुढं उभी राहिली.

सरांनी सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे नमुना तुम्ही स्वतः घेतला नव्हता, मॅडम?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. मान खाली घालून ती नाही म्हणाली.

"हे मला सांगितलं नसतं, तरी चाललं असतं," सर म्हणाले. मंजूर झालेलं नाव उरलेल्या दिवसांत बदलता येत नव्हतं आणि नवे नमुने घ्यायला वेळ नव्हता. नोंदणी रद्द झाली. पुन्हा करायचं तर प्रवेशापासून सगळं पहिल्यापासून. पद्मजा बाथरूममध्ये जाऊन रडली. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायला गेली, तर त्याला पाणी नव्हतं.

महिन्याभरानं ती क्लोरीनच्या थेंबांची बाटली घेऊन जैतुनबीकडं गेली. हंड्यात थेंब टाकले, किती टाकायचे ते दोनदा सांगितलं, आणि अर्धा तास थांबायचं म्हणून बाजेवर बसली.

"मग, झालीस का गं पास?" जैतुनबीनं विचारलं.

पद्मजानं तिच्याकडं पाहिलं. सुजलेले गुडघे, भिंतीला धरायची सवय लागलेला तो हात. त्याच पायांनी ही बाई दर खेपेला रूळ ओलांडत होती.

"झाले, खाला."

"या अल्ला!" म्हातारी उठली, डबा काढला, शेजारच्या दारांत जाऊन हातावर साखर ठेवत सुटली. "माझी बेटी पास झाली! आपल्याच पान्यावर!" शेजारणी येऊन पद्मजाचं कौतुक करून गेल्या. ती प्रत्येकीला हसून हो म्हणत राहिली.

मग जैतुनबीनं आतून ग्लास भरून आणला आणि दारातच थबकली. "रुळापल्याड आज नाय आलं पानी. हे हंड्यातलंच हाय बघ, शिळं. तुला चालंल का?"

पद्मजानं पर्समधल्या गोळ्यांना हात लावला नाही. ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्यायली.