पाणसळीवरची सफर

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गवंड्याचं काम सुटलं, पातळी बघायची पाणसळ काही सुटली नाही. सपाट बुडाची जुनी मोटरबोट त्याने दोन हिवाळे खपून नीट केली आणि पहिल्या सफरीला दोन दोस्तांना बोलावलं, शिंप्याला आणि प्लंबरला. त्यांना मजा आली तरच ते पुन्हा येणार होते, आणि एकट्याने बोट फिरवण्यात कसली गंमत?

खाडी शांत होती, दोन्हीकडे हिरव्या टेकड्या. गवंड्याने बाकावर पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध येईल असं दोघांना बसवलं आणि फर्मावलं, "आता हलू नका."

"अरे, तिकडे बगळे बघ!" म्हणत शिंपी उठला.

"बस खाली! बुडबुडा सरकला."

"माणसं कशाला आणलीस? विटा भरायच्या होत्यास!" प्लंबर चिडला. "मान अवघडली माझी. इथेच उतरव, चालत जातो."

गवंड्याचा चेहरा पडला. त्याने बोट काठाकडे वळवली, पण नजर बुडबुड्यावरच, त्यामुळे बोट वाळूत रुतली. ओहोटी लागली होती. तिघांनी घाम गाळून ढकलली, पण बोट ढिम्म.

"आता भरती येईपर्यंत बसा," गवंडी ओशाळून म्हणाला.

शिंपी या कडेला गेला, प्लंबर त्या कडेला. बुडबुडा जागचा हलला नाही. दोघांनी पोटभर बगळे पाहिले, पाय पसरले, एकेक डुलकीही काढली.

"पुढच्या रविवारी कधी निघायचं?" शिंप्याने विचारलं.

"ओहोटी बघून," प्लंबर म्हणाला. "रुतायला उशीर नको."