‘नादुरुस्त’ पाटीमागचं मशीन

नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण आजही डोकं तापतं ते सरकारी रुग्णालयातल्या एका कुलूपबंद खोलीच्या आठवणीने.

मी उत्तर चेन्नईतल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी तिशीतली एक बाई आली. तिचा नवरा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला होता. डोक्यावर लोखंडी नळी पडली म्हणून त्याला आमच्या हद्दीतल्या रुग्णालयात आणलं. तेव्हा तो बोलत होता, पाणी मागत होता. डॉक्टरांनी ताबडतोब स्कॅन सांगितला. मशीन बंद. तिने आणि तिच्या भावाने ट्रॉली ढकलत, रस्ता ओलांडून त्याला समोरच्या खाजगी सेंटरवर नेलं. नंबर लागायच्या आत तो गेला.

“मला कोणावर केस करायची नाही, सार,” ती म्हणाली. “मशीन खरंच बिघडलंय का, तेवढं बघून सांगा.”

अपघाती मृत्यूची चौकशी चालूच होती. मी रुग्णालयात गेलो. स्कॅनच्या खोलीला कुलूप, वर ‘नादुरुस्त’ अशी पाटी. तिथल्या तंत्रज्ञ बाई निवृत्तीला आलेल्या. “मला माहीत नाही,” एवढंच म्हणत राहिल्या. साहेबाचं दालन चार पावलांवर असेल तर कोणी खरं बोलत नाही. मी फोन नंबर ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रुग्णालयापासून दूर, मांबलम रेल्वे स्टेशनवर बोलावलं.

“मशीन धड आहे. त्यातलं एक सर्किट कार्ड काढून प्रशासकीय अधिकाऱ्यांनी आपल्या कपाटात ठेवलंय. आठ महिने झाले. समोरचं सेंटर त्यांच्या मेहुण्याचं.”

“मग गप्प का राहिलात?”

“दोनदा लेखी दिलं. माझीच बदली काढतो म्हणाले.”

मी दोन पंच घेऊन झडतीला गेलो. अधिकाऱ्याने माझ्या छातीवरच्या पाटीवरचं मराठी आडनाव वाचलं आणि एकदम मराठीत सुरू झाला, “अहो, तुम्ही तंजावरकडचे! म्हणजे आपलेच की. बसा, कापी मागवतो.” आमचं घर तंजावरच्या जुन्या मराठी वस्तीतलं; माझ्या आजीच्या तोंडची भाषा त्या माणसाच्या तोंडी ऐकून मला शरम वाटली.

“कपाट उघडा,” मी तमिळमध्ये सांगितलं.

कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. तंत्रज्ञ बाईंनी ते पंचांसमोर बसवलं. थोड्या वेळात दिवे लागले, टेबल सरकत पुढे आलं. एक पंच शेजारचा दुकानदार होता. तो ओरडलाच, “माझ्या आईला मी समोर नेलं होतं! अंगठी विकून!”

चौकशीत अधिकारी शांत होता. त्याने रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीची वही पुढे सरकवली. दर महिन्याला एकच ठराव: मशीन दुरुस्त होण्यासारखं नाही, रुग्ण बाहेर पाठवावेत. खाली पाच सह्या.

मी सभासदांना एकेक करून बोलावलं. एक निवृत्त हेडमास्तर होते. म्हणाले, “बैठक कधीच झाली नाही. शिपाई वही घरी आणायचा.”

“वाचत नव्हता?”

“बाकीच्यांच्या सह्या आधीच असायच्या, सार.”

मी त्या ट्रॉलीची हकीकत सांगितली. त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. तो समोर ठेवल्यावर अधिकाऱ्याचा आवाज उतरला आणि त्याने कबुली दिली.

त्याला अटक झाली, पुढचा तपास दक्षता विभागाकडे गेला. समितीच्या पाचही जणांनी राजीनामे दिले आणि सुटले. स्कॅन वेळेत झाला असता तर तो माणूस वाचला असता, हे कोणताही डॉक्टर लिहून देईना. म्हणून त्या मृत्यूसाठी कोणावरही कलम लागलं नाही.

मी स्वतः जाऊन त्या बाईला सांगितलं, “मशीन चांगलं होतं.” वहीतल्या पाच सह्यांचंही सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, “पाच जण होते ना? एकानेही दार उघडून बघितलं नाही?”

चोर मला नवा नव्हता. चीड आली ती या पाच सभ्य माणसांची. आणि घरी परतताना आठवलं, ठाण्यातल्या जप्त मालाच्या नोंदवहीवर ‘समक्ष तपासले’ असं लिहून मीही कित्येकदा न बघता सही केली होती. दुसऱ्या दिवशी मी मालखाना उघडायला लावला आणि एकेक वस्तू हातात घेऊन तपासली.