पहिल्यासारखी केलेली गाडी

श्रीपाद गेला हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं, "गाडीत?" नाही, गाडीत नाही. कंपनीच्या बसमध्ये. सकाळी बोगादीहून नेहमीच्या बसमध्ये चढला, खिडकीशी बसला आणि हेब्बाळला कंपनीच्या फाटकाशी बस रिकामी झाली तरी उतरला नाही. झोप लागली असेल म्हणून ड्रायव्हरने हाका मारल्या... हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा ठेवत होतो. तो नीट ठेवला, दार लावलं आणि मग खाली गेलो. त्यानंतरची सगळी कामं मी अशीच केली. लोक म्हणाले, जयंत, तू फार धीराचा. कसला धीर! मला काही वाटतच नव्हतं, अजूनही फारसं वाटत नाही. फक्त त्या "गाडीत?" या प्रश्नाचा राग येतो. सध्या मला येणारी तेवढी एकच भावना शिल्लक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी नोकरीसाठी साताऱ्याहून म्हैसूरला आलो तेव्हा इथे मराठी बोलायला कोणी भेटेल अशी आशा नव्हती. कॅन्टीनमध्ये आईशी फोनवर बोलत होतो, तर समोर एक उंच, बारीक माणूस हातात ताट घेऊन उभा. "तुम्ही मराठी? आम्ही पण मराठीच की, गुरू!" त्याचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, देवराज मोहल्ल्यात शिंप्याचं दुकान. कोट शिवण्यात त्यांचं नाव होतं. घरात मराठी, पण अशी की निम्मं वाक्य कन्नडमध्ये जाऊन यायचं. "मी केलो", "मी सांगितलो" असं तो म्हणाला की मी हसायचो. त्यावर तो म्हणायचा, "तुझं मराठी ऐकलं की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटतं मला." त्याने मला घर शोधून दिलं, गॅस मिळवून दिला, आणि माझ्या सगळ्या सुट्ट्या ताब्यात घेतल्या. कारण त्याच्याकडे ती गाडी होती.

गाडी म्हणजे अगदी साधी, राखाडी, छोटी हॅचबॅक. शाळेच्या फाटकाबाहेर अशा गाड्यांची रांग लागते, त्यातली एक. त्याच कंपनीने त्याच गाडीची एक चपळ, स्पोर्ट आवृत्ती काढली होती. ती महाग होती, फारशी खपली नाही आणि बंद झाली. श्रीपादच्या डोक्यात आलं की बंद पडलेल्या त्या आवृत्तीचे भाग आपल्या गाडीला बसतील. सांगाडा एकच, भोकंसुद्धा त्याच जागी! मग बेंगळुरूच्या जुन्या सुट्या भागांच्या गल्ल्यांतून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला वाटलं, हा आता इंजिनाला हात घालणार. त्याने आणले ते ब्रेक. मोठ्या डिस्क, त्यांना चिमट्यात पकडणारे मोठे कॅलिपर आणि पायाचा जोर वाढवणारा पेडलमागचा बूस्टर. "आधी थांबायला यायला पाहिजे, गुरू, मग पळायचं." तो मुळात कधी फारसा पळालाच नाही, हे मात्र मी इथे लिहून ठेवतो. रोज बसने जायचा. गाडीला हेब्बाळच्या गर्दीत कशाला दमवायचं, म्हणायचा. पुढे घट्ट स्प्रिंगा आल्या, शॉकअॅब्सॉर्बर आले, स्टिअरिंग आलं. बाहेरून मात्र काही कळता कामा नये, असा त्याचा कटाक्ष. स्टिकर नाही, पट्टे नाहीत, आवाज नाही. मी विचारलं, मग कुणाला दाखवायचं हे सगळं? तो म्हणाला, "दाखवायचं कशाला? सुम्ने." सुम्ने म्हणजे उगीच, असंच. या एका शब्दावर त्याने आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी निभावून नेल्या.

एक नियम मात्र त्याने कधी मोडला नाही. काहीही कापायचं नाही, जोडकाम करायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही. जे बसवलं ते परत काढता आलं पाहिजे. हे त्याने दुकानात बसून उचललं होतं. अप्पा कोट शिवताना शिवणीत भरपूर माया ठेवायचे. गिऱ्हाईक सुटलं तर कोट उसवून मोठा करता यावा म्हणून आतल्या बाजूला ते जास्तीचं कापड. तसा श्रीपाद गाडीतून काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेलाचा हात फिरवून, अप्पांच्या दुकानातल्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. कापडावर शिंप्याच्या खडूने डावा, उजवा. निळ्या, तपकिरी, चॉकलेटी रेशमी गाठोड्यांनी माळा भरला होता. बायको माधवी म्हणायची, पाहुण्यांना वाटतं आम्ही लग्नाचं सामान जमवतोय.

त्या ब्रेकनी आमची फजितीही केली. बसवल्यावर पहिल्यांदाच आम्ही सगळे गुंडलुपेटच्या बाजूला निघालो. ऐन उन्हात पुढचं चाक पंक्चर झालं. श्रीपादने शीळ घालत स्टेपनी काढली, जॅक लावला आणि चाक चढवायला गेला, तर ते चढेना! ब्रेक मोठे झाले म्हणून त्याने चारही चाकं मोठी घेतली होती, पण स्टेपनी जुनीच, लहान. ती त्या कॅलिपरवर बसणार कशी? महिनोन् महिने एकेका बोल्टची चौकशी करणारे आम्ही दोन इंजिनिअर पाना हातात धरून एकमेकांची तोंडं बघत बसलो. माधवीवहिनी झाडाखाली लेकीला काकडी सोलून देत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अय्यो, मागचं चाक काढून पुढं घाला की. मागचे ब्रेक तर जुनेच आहेत, अल्वा? हो ना? तिथं बसेल ते छोटं." बसलं. श्रीपादने घर येईपर्यंत कळ काढली. मग दारात गाडी लावून म्हणाला, "तुला माहीत होतं तर आधी का नाही बोललीस?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही विचारला कुठं?"

त्यांचं त्या गाडीशी कधी फार जमलं नाही. चालवायच्या त्याच; भाजीला, लेकीच्या शाळेला, सगळीकडे. पण स्प्रिंगा घट्ट झाल्यापासून प्रत्येक खड्डा पाठीत बसायचा. श्रीपादने माझ्यासमोर त्यांना वचन दिलं होतं, तू म्हणशील त्या दिवशी पहिल्यासारखी करून देतो, सगळं माळ्यावर आहे. वहिनी तेवढ्यावर हात झटकायच्या. "राहू दे. तुम्हाला एवढं आवडतंय तर राहू दे." असं वर्षानुवर्षं चाललं.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. अप्पांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं, आणि गाडीत प्रत्येक गतिरोधकाला ते कळवळतात. "भावजी, ह्यांनी कबूल केलं होतं मला," त्या म्हणाल्या. "मी कधी मागितलं नाही. आता मागते. गाडी पहिल्यासारखी करून द्या." मी बरं म्हटलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पण मला ते नको होतं. जगात त्याने केलेलं असं जे काही उरलं होतं ते त्या गाडीत होतं, आणि ते आपल्या हाताने काढायचं... माळ्यावरची गाठोडी उतरवायला मी घरी गेलो, तेव्हा अप्पा खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले, "काढ बाबा. त्यानंच तसं ठेवलंय, काढायला येईल असं."

रविवारी हेब्बाळच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी घातली. मेकॅनिक खोलत गेला आणि मी एकेक गाठोडं सोडत गेलो. आत प्रत्येक भाग कालच काढल्यासारखा लखलखीत. स्प्रिंगा बसल्या, स्टिअरिंग बसलं, ब्रेक बसले, जुनी छोटी चाकंही चढली. कुठे काही अडलं नाही. एखादा बोल्ट गंजला असता, एखादी गोष्ट बसली नसती, तर बरं झालं असतं, असं मला सारखं वाटत होतं. त्याने कसलीच खूण मागे ठेवली नव्हती. दुपारपर्यंत ती रस्त्यावरच्या कुठल्याही राखाडी गाडीसारखी गाडी झाली. त्याचं सगळं सामान मी गॅरेजच्या कोपऱ्यात रचलं आणि त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायलो. तेव्हाही काही वाटलं नाही.

दवाखान्यातला व्यायाम उरकून वहिनी अप्पांना घेऊन रिक्षाने तिथेच आल्या. घरी जाताना गाडी त्यांनीच चालवली. मी शेजारी, अप्पा मागे उशीला टेकून. पहिला गतिरोधक गेला तसे अप्पा म्हणाले, "मऊ झाली गं. आता बरं आहे." वहिनी हसल्या. रिंगरोड ओलांडून बोगादीच्या रस्त्याला लागलो तोच पुढची रिक्षा सवारी बघून एकदम थांबली. वहिनींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून जेमतेम वीतभर. रिक्षावाला कन्नडमध्ये काहीतरी बोलून निघून गेला. वहिनींनी गाडी कडेला घेतली. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, ब्रेकमध्ये दोष नाही, वहिनी, कंपनीचे मूळ ब्रेक असेच, जरा जास्त दाबावे लागतात. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. उभ्या गाडीत त्या पेडल दाबून बघत राहिल्या. पुन्हा पुन्हा.

"मी नेहमीएवढाच दाबला, भावजी," त्या म्हणाल्या. "एवढ्यात थांबायची ती. मला वाटायचं, सगळ्यांच्या गाड्या अशाच थांबतात."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला ते खरं वाटलं. श्रीपाद गेला होता. अप्पांनी मागून विचारलं, काय झालं?

"काही नाही, अप्पा. स्प्रिंगा ह्याच राहू देत. ब्रेक तेवढे ह्यांचे परत घालून घेऊ, मोठ्या चाकांसकट," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तिथेच गाडी वळवली. गॅरेजपर्यंत त्या अगदी हळू गेल्या, समोर कुणी नसतानाही ब्रेकवर पाय ठेवून, परक्याची गाडी चालवावी तशा.