भर दुपारचा सायरन

ग्रीसचा वास आला की आजही माझा उजवा हात कुणीतरी घट्ट धरल्यासारखा वाटतो.

मंचरच्या घरी मी जुने भोंगे दुरुस्त करायचो. शेजारच्या सखूमावशींच्या लेकाने आवाजाची तक्रार ग्रामपंचायतीत केली आणि चारचौघांत तो मला भंगारवाला म्हणाला. ते मी अजून विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात जुन्नरच्या बाजारातून घासाघीस करून मी हाताने फिरवायचा सायरन आणला. धरणाच्या कामावर सुरुंग उडवण्याआधी तो वाजवत. गंज काढला, ग्रीस भरलं आणि भर दुपारी मुद्दाम त्यांच्या दाराकडे तोंड करून हँडल फिरवलं. आधी नुसती घरघर झाली, मग आवाज चढत गेला आणि छपराचे पत्रे थरथरले.

लेक भांडायला येईल म्हणून मी बाह्या सरसावून उभा होतो. आल्या त्या मावशी. त्यांचं जुनं गाव त्याच धरणात गेलेलं. मला ते ठाऊक होतं, पण रागात आठवलं नाही. दावणीची शेळी सोडून त्यांनी बरोबर आणली होती. दुसऱ्या हाताने त्यांनी माझा ग्रीसने माखलेला हात धरला.

"हितं काय उभा राह्यलास? दगडं येत्याल."

"मावशी, सुरुंग न्हाई. मीच वाजवला."

"वाजवलास ना? मग तू बी पळ की, बाबा."

त्यांनी मला ओढत भिंतीआड नेलं, खाली बसवलं, माझ्या डोक्यावर पदर धरला आणि धडाक्याची वाट पाहू लागल्या. तो होणार नाही, हे पुन्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही.