हात न जोडता घातलेलं गाऱ्हाणं

देवाचा अनुभव सांगणारी माणसं सुरुवातीलाच हात जोडतात. मला ते जमणार नाही. ज्या दिवसाचं मी सांगणार आहे, त्या दिवशी माझे दोन्ही हात अडकलेले होते आणि देवाशी माझं कडाक्याचं भांडण चाललं होतं. ते भांडण पुरतं मिटलंय असंही नाही. पण त्या दिवशी जे घडलं ते मनात ठेवून बसणं बरं नव्हे, म्हणून लिहिते आहे. ज्याला जसं घ्यायचं तसं त्यानं घ्यावं.

रागाला कारण होतं. आमचे हे म्हणजे भक्तिभावाचा माणूस. शाळेत जन्मभर शिकवलं, कुणाचं वाईट चिंतलं नाही, देवळाचा एक सण चुकवला नाही. अशा माणसाच्या हृदयात गुठळी झाली. अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ राहायच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. आणि माझी नणंद दवाखान्यात येऊन मलाच विचारते, "वयनी, देवाचा काय करूचा रवला तर नाय मा?" तळपायाची आग मस्तकात गेली माझी. काय करायचं राहिलं होतं? नारळ दिले, ओट्या भरल्या, उपास केले. राहिलं असेल तर ते देवाचं राहिलं होतं, माझं नव्हे. त्या दिवसापासून मी देवघरात दिवा लावायची, पण बोलायचं सोडून दिलं.

बरे झाल्यावर डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं, सायकल चालवली तरी चालेल म्हणाले. ह्यांनी सायकलच धरली, आणि ह्यांना एकट्याला सोडायचं नाही म्हणून मीही पन्नाशीनंतर पुन्हा सायकलवर बसले. आम्ही राहतो तोंडवलीला, समुद्राच्या कडेला. आमच्या रस्त्यावर आता सायकल चालवायची म्हणजे जीव मुठीत धरून. सुट्टी लागली की पर्यटकांच्या गाड्या एकामागून एक येतात, त्यांचे हॉर्न, खिडकीतून फेकलेल्या बाटल्या. रस्ता आमच्या गावचा, आणि आम्हीच गटारात उतरून उभं राहायचं. मी किती जणांशी भांडले त्याला गणती नाही. शेवटी ह्यांनीच तोड काढली. आमच्या खाडीला वर जी नदी येऊन मिळते, तिच्या काठाकाठानं मसुऱ्याच्या पुढे एक जुना रस्ता आहे. पलीकडच्या काठावर नवा रुंद रस्ता झाला आणि हा तसाच मागे राहिला. एसटी बंद झाली, गाड्या बंद झाल्या. डांबर अजून बरं आहे, मधूनमधून खडी उघडी पडली आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि वर दोन्हीकडून आलेली झाडं. तिथं सायकल चालवताना आपल्याच चेनचा आवाज ऐकू येतो. धनेश पक्षी डोक्यावरून गेला तर त्याच्या पंखांचा आवाजही येतो. खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर माझा राग थोडा उतरायचा. पण मी ते ह्यांना कधी सांगितलं नाही.

त्याच रस्त्यावर एका उतारावर देवराई आहे. तिच्या तोंडाशी, रस्त्याच्या वर, एक उभा दगड आहे, शेंदूर लावलेला. तो शिवेवरचा राखणदार. आमच्या मुलखात वाटेवरचा देव असा ओलांडून जात नाहीत. गाडीवाला हॉर्न वाजवतो, मोटरसायकलवाला एक हात सोडून छातीला लावतो. हे सायकलची घंटी वाजवायचे आणि मग उजवा हात उचलून कपाळाला लावायचे. मी घंटी वाजवायची नाही. ह्यांनी एकदाही मला त्यावरून टोकलं नाही. मला वाटायचं, एकदा तरी टोकावं, म्हणजे मला बोलायला मिळेल.

काजूचे दिवस होते. सकाळचं ऊन झाडांतून खाली आलं होतं. हे पुढे, मी मागे. राखणदाराचा दगड आला, ह्यांनी घंटी वाजवली, हात उचलून कपाळाला लावला आणि नेमकं त्याच क्षणी पुढचं चाक उघड्या खडीवर गेलं. एका हातानं सायकल सावरली नाही. हे रस्त्याच्या कडेच्या धोंड्यांवर असे आपटले की मला तो आवाज आजही नकोसा होतो.

खांद्याचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. तेव्हा दिसत होती ती पोटरी. धोंड्याच्या धारेनं ती खोल कापली गेली होती आणि रक्त थांबत नव्हतं. थांबणार कसं? ते पातळ राहावं म्हणून तर रोज गोळी देत होते मी. ओढणीची घडी करून मी जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी सगळा भार देऊन दाबली. दाबलं की थांबायचं. फोन काढायला एक हात जरा उचलला तर ओढणी लालभडक झाली. फोनला तरी कुठली रेंज, दोन्हीकडे डोंगर. ज्या रस्त्यावर गाडी येत नाही म्हणून आम्ही खूश होतो, त्या रस्त्यावर आता गाडी येणार नव्हती. ह्यांना सोडून मदतीला धावले तर परत येईपर्यंत हे राहतील का, आणि न धावले तर किती वेळ दाबत बसणार, हे मला कळेना. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि हे मला काय म्हणतात? "अगो, तेचो काय दोष नाय. मीच हात सोडलंय."

हे वाक्य मला सहन झालं नाही. मरणाच्या दारात पडलेला माणूस देवाची बाजू घेत होता! मान वर केली तर समोर तो दगड, शेंदूर लावून, आरामात उभा.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवळात मानकरी उभा राहून सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या गावात बाई गाऱ्हाणं घालत नाही. आम्ही मागे उभ्या. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात मानकऱ्यानं माझं गाऱ्हाणं घातलं होतं, सगळ्यांसाठी घालतो तेच शब्द, तेच सूर, आणि मी मागे तोंड मिटून उभी होते. त्या उतारावर मानकरी नव्हता. मग माझाच आवाज निघाला, आणि तो इतका मोठा असेल हे मलाही माहीत नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, शिवेवरच्या राखणदारा! ह्या तुझ्या लेकरान तुका हात केल्यान. सायकलीवरचो एक हात सोडल्यान तो तुझ्यासाठी. आणि तू तेका धोंड्यार आपटलंस! तुका राखणदार म्हणतत. कसली राखण केलंस? माका हयसून हात काढूक येणा नाय, म्हणान मी तुका हात जोडूचंय नाय. रस्त्यार कुत्रा सुदीक नाय. माणूस धाड! धाडूक जमणा नसात तर त्या दगडातसून उठ आणि तूच खाली ये!"

आणि राईतून, अगदी स्पष्ट, आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ह्यांनीही डोळे उघडले. मग पाचोळा वाजला आणि झाडांतून एक म्हातारी बाई उतरली, कमरेला काजूंची पिशवी बांधलेली, हात काजूच्या बोंडांच्या रसानं काळे झालेले. मी रक्तात बसलेली, आणि ती मला विचारते, "कोण गो तू? बायलमाणूस गाऱ्हाणा घालता?" मग तिची नजर खाली गेली. ती तशीच वळली. नदीच्या बाजूला कडेला गेली, तोंडाशी हात धरून असा कुकारो घातला की डोंगरानं तो परत दिला. पलीकडून कुणीतरी हाकेला उत्तर दिलं, तेव्हा माणूस पडलाय, होडी आणा, असं तिनं ओरडून सांगितलं. मग ती माझ्याशेजारी टेकली. शेवंताकाकी तिचं नाव, राईच्या मागच्या वाडीतली. दाबून दाबून माझे हात भरून आले होते. ती म्हणाली, "सर आता. मी दाबतंय. तू जा, तुझ्या देवाक हात जोडून ये."

"नको," मी म्हटलं. "माझा भांडाण झालाहा तेच्याशी."

"मगे ताच तर गाऱ्हाणा," माझे हात सारून जखम स्वतः दाबत काकी म्हणाली. "रड मागीर. पयला तेंका पाणी पाज."

पलीकडच्या काठावरून दोन माणसं होडी घेऊन आली. भरती होती म्हणून होडी या काठाला लागली. ओहोटीला तिथं नुसता चिखल असतो, हे मला होडीवाल्यानं सांगितलं. होडीत त्यांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची टाकून आणली होती. ह्यांना तीत बसवून उताराखाली नेलं, होडीत ठेवलं, आणि काकी शेवटपर्यंत पोटरी दाबून बरोबर आली. पलीकडे नव्या रस्त्यावर त्यांनी बोलावून ठेवलेली रिक्षा उभी होती. ज्या गाड्यांच्या नावानं मी रोज बोटं मोडायची, त्यातल्याच एका पर्यटकाच्या गाडीनं पुढे हॉर्न वाजवत आमच्या रिक्षेला वाट करून दिली. दवाखान्यात टाके पडले, रक्त चढवलं, खांदा बांधला. संध्याकाळी ह्यांनी चहा मागितला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले.

नंतर लोक भेटायला आले. नणंद म्हणाली, "तू घंटी वाजवणंस नाय म्हणान झाला ह्या." मी तिला विचारलं, मग ज्यानं वाजवली तो का पडला? दुसरे म्हणाले, देवानंच वाचवलं. तेव्हाही मला चीड आली. पाडताना खडी आणि वाचवताना देव, असा कसा हिशेब? मी देवाला इतक्या स्वस्तात सोडणार नव्हते.

हे हिंडूफिरू लागल्यावर आम्ही काकीच्या घरी गेलो. मी तिला सरळ विचारलं, "काकी, तू तेव्हा 'व्हय म्हाराजा' कित्याक म्हटलंस? तुका काय म्हायती आमी कोण, काय झाला?"

"माका खंय काय म्हायती," ती म्हणाली. "त्या दिसा मी राईत जावचीच नव्हतंय. वरच्या भरडाच्या माळार जायत होतंय. पण माकडांनी राईकडच्या काजी पाडल्यानी, म्हणान थय गेलंय. गाऱ्हाणा कानार पडला आणि तोंडातसून भायर पडला. कोणाचा काय आसा ता इचारून 'व्हय' म्हणतत काय? एकट्याचा गाऱ्हाणा अर्ध्यारच रवता, गो बाय. दुसऱ्यान व्हय म्हटल्यार ता पोचता."

परतताना आम्ही राखणदारापाशी थांबलो. आता माझा नियम आहे, देवाला हात करायचा तर आधी पाय जमिनीला टेकायचे. हे उतरले, हात जोडून उभे राहिले. मी घंटी वाजवली. दगड होता तसाच होता. मी इतकी वर्षं समजत होते की शरण जायचं म्हणजे राग गिळून, मान खाली घालून, जे दिलं ते गोड म्हणायचं. ते मला आजही येत नाही. पण त्या दिवशी माझ्यापाशी जोडायला हात नव्हते, गोड शब्द नव्हता, विश्वासही नव्हता. होता तो फक्त राग, आणि तो मी होता तसा त्याच्यापुढे टाकला. त्यानं तोच घेतला. माकडं, भरती, काकीची सवय, यांतलं काय त्याचं आणि काय आपोआप, हे मी शोधत नाही. माझं माणूस घरी आहे, रोज सकाळी चहाला हाक मारतं. त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे, आणि हे मी त्याला भांडतानाही सांगते.

परवा आमच्या देवळात गेले होते. मानकरी गाऱ्हाणं घालत होता, कुणा तरुण बाईसाठी. ती खांबाशी पदर तोंडाला लावून उभी होती, तोंड मिटून. पुरुष मंडळी थोडीच होती, त्यांतले दोघे फोनमध्ये होते. मानकरी वाक्य संपवून थांबला आणि देवळात कुणीच काही बोललं नाही. तिचं दुःख काय होतं मला ठाऊक नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं, उतारावर ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. त्या बाईनं पदर खाली घेतला, आणि मानकऱ्यानं पुढचं वाक्य उचललं.