दोरीवाल्याची बारा मिनिटं

विमान स्वतःहून मागे जात नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. पुढच्या चाकाला लोखंडी दांडा लावायचा, दांड्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला अडकवायचं आणि माणसाच्या चालीने विमान ढकलायचं किंवा ओढायचं. ट्रॅक्टरवर बसलेल्याला पंखांची टोकं नीट दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक टोकाखाली एक माणूस चालतो आणि वाट मोकळी असेपर्यंत हात वर धरतो. डाव्या पंखाखाली मी चौदा वर्षं चाललो. ट्रॅक्टरवर दोरीवाला असायचा.

दोरीवाला हे त्याचं मागून घ्यायचं नाव. तोंडावर आम्ही दादा म्हणायचो. त्याच्या खिशात नायलॉनची दोरी असायची आणि तिला तीन मीटरवर लाल चिंधी बांधलेली. पंखाचं टोक आणि कुठलीही वस्तू यांत तीन मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ओढायचं नाही, असा नियम होता. इतर लोक अंतर डोळ्यांनी मोजायचे. दादा खाली उतरायचा, दोरी लावायचा, परत चढायचा. उन्हात, पावसात, पाळी संपायला पाच मिनिटं असताना. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकाही विमानाला ओरखडा पडला नाही. आळशी माणूस असं करत नाही. पण त्याच्याबरोबर काम करणं सुखाचं होतं, असंही मी म्हणणार नाही. मोजून झालं की तो दोरी सगळ्यांना दाखवायचा. "बघितलंस? चिंधी कुठे आहे बघ." आपण बघितलं म्हटल्याशिवाय दोरी खिशात जायची नाही.

आमची कंपनी सुट्टीवर जाणाऱ्यांची. कामाधंद्याला जाणारा माणूस आमच्या विमानात नसायचा. सगळे टोप्या घालून बेटावर जाणारे आणि आठवड्याने नाकाची सालं काढत परत येणारे. नऊ विमानं होती. आठ लहान, एकशेऐंशी जागांची. एक मोठं, तीनशे जागांचं. दादा त्यातल्या एकातही बसून कुठे गेला नव्हता. म्हणायचा, "दिवसभर त्यांना मी ओढतो. सुट्टीत त्यांनी मला ओढावं, ही हौस मला नाही."

वहिनींना मात्र हौस होती. वहिनी म्हणजे दादाची बायको. घरीच कपडे शिवायच्या, दुरुस्त करायच्या. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांवर पडदा येत होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सात महिने थांबून मिळाली होती. धाकट्या बहिणीने गळ घातली, "ऑपरेशननंतर महिनाभर वाकायला मिळणार नाही, आत्ताच जाऊन येऊ." कर्मचाऱ्याच्या घरच्यांना पास मिळतो. पासवरचा माणूस सगळ्यात शेवटी चढतो, जागा उरली तर. दोघी शुक्रवारी परत येणार होत्या आणि ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी सकाळी आठला होतं. मध्ये अख्खा आठवडा. काळजीचं काही कारण दिसत नव्हतं.

त्या शुक्रवारी दुपारी दूर कुठेतरी ज्वालामुखी फुटला, राख वर गेली आणि संध्याकाळपासून आकाश बंद झालं. राख इंजिनात गेली तर इंजिन बंद पडतं, म्हणून कुणीच उडायचं नाही. आमची नऊच्या नऊ विमानं संध्याकाळपर्यंत घरी परतली, पण वहिनींना आणायला रात्री जाणारी फेरी रद्द झाली. प्रवाशांच्या इमारतीला विमान लावायचे पाच दरवाजे, त्यातला एक अडीअडचणीला मोकळा ठेवायचा हुकूम. चार लहान विमानं दारांशी लावली. उरलेली पाच जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर एकामागे एक उभी करायची ठरली. ती पट्टी एका टोकाला बंद आहे. आत गेलेलं पहिलं, बाहेर येताना शेवटचं.

दादाने ड्यूटीवरच्या साहेबांना विचारलं, "आधी कुठलं निघणार?"

साहेब तिशीचे. वर काचेच्या खोलीत बसायचे आणि खालचं सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघायचे. म्हणाले, "लहान आधी. मोठं सगळ्यात शेवटी."

"नक्की?"

"दादा, नक्की."

"लिहून द्या."

"यात लिहून काय द्यायचं? तुम्ही लावा हो."

दादाने मोठं विमान आत, बंद टोकाला नेलं आणि त्याच्यासमोर चार लहान लावली. मी त्याला म्हणालो, लेखी घे, वर जा, सही आण. तो म्हणाला, दोन जिने कोण चढेल? चौदा तास झाले होते, पाय सुजले होते. तरी मी म्हणेन की जिने चढायला हवे होते. दुसऱ्याचं काम मोजणाऱ्याने आपलं अर्धं सोडू नये.

सहा दिवस काही उडालं नाही. बेटावर आमचे पावणेतीनशे प्रवासी अडकले होते. वहिनी रोज फोन करायच्या. पहिल्या दिवशी हसत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "हॉटेलवाल्याने खोली बदलली. जिथे ठेवलंय तिथे खिडकी आहे पण उघडत नाही. अहो, गुरुवारपर्यंत काहीतरी होईल ना?" दादा म्हणाला, "होईल." फोन ठेवून आम्हाला म्हणाला, "मी काय आभाळ ओढणार आहे?"

गुरुवारी सकाळी साडेअकराला बातमी आली की बेटाकडचा आकाशाचा पट्टा मोकळा झाला. साहेब स्वतः खाली आले, धावत.

"दादा, मोठं काढा. दीड वाजता एक नंबरच्या दाराला लागलं पाहिजे."

"मोठं? मोठं शेवटी म्हणाला होतात."

"तेव्हा म्हणालो होतो. आता पावणेतीनशे माणसं एका फेरीत आणायचीत. वैमानिकांचे तास सकाळी नऊपासून चालू झालेत. दीडनंतर दाराला लागलं तर परत येईपर्यंत त्यांचे तास संपतात. मग उड्डाण रद्द."

हे तासांचं खरं आहे. वैमानिकाला ठरल्या तासांपलीकडे एक मिनिट उडता येत नाही. आणि मोठं विमान गेलं तरच पासवरच्या दोघींना जागा होती. पावणेतीनशे चढून पंचवीस खुर्च्या उरत होत्या. मोठं नाही गेलं तर लहान जाणार, आणि त्यात पैसे भरलेल्यांनाच जागा पुरणार नव्हती. त्या दिवशी लहान विमानाचे वैमानिकही एकाच विमानापुरते हजर होते. हे सगळं दादाला साहेबांनी सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहरा आधीच राखेसारखा झाला होता.

ट्रॅक्टर एक, कारण दुसरा गॅरेजात. समोरची चार विमानं एकेक करून पलीकडच्या मोकळ्या जागेत न्यायची, प्रत्येकी तेवीस मिनिटं. मग मोठं, पंचवीस मिनिटं. बेरीज एकशे सतरा. हातात एकशेवीस.

साहेबांनी पडद्यावर काढलेला नकाशा पुढे केला. "चार कशाला? पुढची दोन काढा. उरलेल्या दोघांच्या बगलेतून मोठं तिरकं काढा. पाऊण तास वाचतो."

दादाने मान हलवली. "नाही निघत. एका बाजूला त्यांचा पंख, दुसऱ्या बाजूला दिव्याचे खांब."

"इथे साडेतीन मीटर दाखवतंय."

"सरळ उभं असताना. वळताना पंखाचं टोक बाहेर फेकलं जातं."

"दादा, तुमची बायको तिकडे अडकलीय ना? मला वाटलं, तुम्हीच आधी हो म्हणाल."

हे बोलायला नको होतं. दादाने दोरी काढली.

इथून पुढचं मला आजही बघवत नाही. तो साहेबांना घेऊन पट्टीवर गेला. खडूने जमिनीवर मोठ्या विमानाच्या टोकाची वाट काढली. दोरी लावली. चिंधी खांबाच्या पलीकडे गेली. म्हणजे अंतर तीन मीटरांपेक्षा कमी. "बघितलंत?" साहेब म्हणाले, "तुमचा खडू वाकडा आहे." दादाने वाट पुसली, पुन्हा काढली, पुन्हा दोरी लावली. दीड मीटर. "आता बघितलंत?"

"दीड मीटर म्हणजे जागा आहे की! लागणार नाही."

"लागणार नाही, हे कागदावर द्या. मी ओढतो."

"आता कागदाची वेळ आहे का?"

"शुक्रवारीही नव्हती."

उंटावरून शेळ्या हाकणारा एक आणि दोरी धरून बसलेला दुसरा. मी घड्याळ बघत होतो. शेवटी मीच ओरडलो, "अरे, कुठल्याही वाटेने काढा, पुढची दोन तर हलवायचीच आहेत ना! ती हलवता हलवता भांडा!"

दादा ट्रॅक्टरवर चढला. अकरा बेचाळीस झाले होते. बारा मिनिटं.

साहेबांची वाट असो की दादाची, सुरुवात एकच होती. हे तिथल्या कुणालाही दिसलं असतं. दादाला दिसलं नाही, कारण त्याला आपलं बरोबर आहे हे दाखवायचं होतं. मलाही बारा मिनिटं दिसलं नाही, कारण मी भांडण ऐकत उभा होतो. माझा वाटा मी नाकारत नाही.

त्यानंतर त्याने जे काम केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. घाई नाही आणि एक पाऊल वाया नाही. दांडा लागायचा, चाकांखालचे गुटके निघायचे, हात वर, चल. एरवी दांड्याची खीळ बसवायला दोन माणसं लागतात, त्या दिवशी तो एकटा बसवत होता. तिसऱ्या विमानानंतर त्याच्या तळहाताचं कातडं निघालं होतं. पाणी प्यायला तो थांबला नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही. दोन विमानं निघाल्यावर साहेब पुन्हा म्हणाले, "आता तिरकं काढा, अजून वेळ आहे." दादाने तिसऱ्याला दांडा लावला.

खरं सांगायचं तर मी त्या दोन विमानांच्या बगलेत उभं राहून वर पाहिलं. मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ओढ. मला कुणी विचारलं नाही.

मोठं विमान एक नंबरच्या दाराला लागलं तेव्हा एक वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. जिन्यावर कॅप्टनबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, शांत बाई. त्यांनी खाली येऊन दादाचा हात बघितला आणि म्हणाल्या, "सॉरी, दादा. अकरा मिनिटांसाठी मला परवानगी नाही."

"तुमचा नियम तुमचा," दादा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तासाभराने लहान विमान गेलं, त्याच्या वैमानिकांचे तास उशिरा चालू झाले होते. एकशेऐंशी माणसं आली. त्यात वहिनी नव्हत्या.

फोन आला तेव्हा आम्ही डबे उघडून बसलो होतो, खात कुणीच नव्हतं. हाताला पट्टी असल्यामुळे दादाने फोन समोर ठेवून बोलायला घेतला. सगळं ऐकू येत होतं. त्याने लपवलं नाही. तिरक्या वाटेचंही सांगितलं. मला वाटलं, मूर्खा, एवढं तरी गिळ.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वाट होती."

"वाट नव्हती. पंख लागला असता."

"लागला असता की लागला?"

"अगं, ओढलंच नाही तर लागेल कसा?"

"तेच विचारतेय मी."

बहीण मागून म्हणाली, "भाऊजी, दोरीनेच खेचायचं होतंत आम्हाला." कुणी हसलं नाही, तीसुद्धा नाही.

वहिनी शनिवारी दुपारी आल्या. सोमवारी दादा रजा टाकून त्यांच्याबरोबर इस्पितळात गेला, मीही गेलो. खिडकीवरच्या मुलीला सगळं सांगितलं. राख, आकाश, विमान. ती म्हणाली, "कारण काहीही असो, तारीख गेली की नाव पुन्हा खाली जातं." तिचाही नियम होता. नवी तारीख साडेपाच महिन्यांनंतरची मिळाली. दादा तिच्याशी वाद घालायला वाकला. वहिनींनी त्याची बाही ओढली. "चला. मागे रांग आहे."

साहेबांनी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. कामात विलंब, बारा मिनिटं. कागदाला वेळ नसलेल्या माणसाला तेवढ्यापुरता कागद सापडला. त्यावर दादाने एकच ओळ लिहिली की दिलेलं काम नियमाने पूर्ण केलं. मी त्याला एकदा विचारलं, "ती बारा मिनिटं कुणाची?"

"साहेबांची."

"सगळी?"

"पाच माझी धर," तो म्हणाला. एवढंच. माझ्या हिशोबाने सहा होती, पण मी ताणलं नाही.

त्या साडेपाच महिन्यांत वहिनींचं शिवण अर्ध्यावर आलं. मशीन अंदाजाने चालायची, पण हातशिलाईला सुईत दोरा ओवता येईना. एका सकाळी मी दादाला बोलवायला गेलो तर तो खिडकीपाशी बसून सुया ओवत होता. वीस सुया, जाड कापडात ओळीने टोचलेल्या, प्रत्येकीत दोरा. ड्यूटीला जाण्याआधीचं रोजचं काम. एवढ्या बारीक भोकात त्या जाड बोटांनी दोरा घालायला किती वेळ जातो, ते मी उभं राहून पाहिलं. तीन मिनिटं एका सुईला.

वहिनींनी एक सुई हातात घेतली, दोरा बोटांवरून सरकवला आणि परत टोचून ठेवली.

"लांब ठेवलाय. लांब दोरा गुंततो, किती वेळा सांगू?"

"किती ठेवू?"

"हातभर."

दादाने कात्री घेतली आणि पहिल्या सुईपासून पुन्हा सुरुवात केली. आम्हाला उशीर होत होता. मी घड्याळ दाखवलं. त्याने पाहिलं नाही.